पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर

थोरल्या ताईला जुळं झालं, त्या साली मी वडिलांच्या दुकानात ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायची. वडील व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीतली तार तापून लालसर झाली, की त्यांचा चेहराही उजळायचा.

एका दुपारी समोरच्या गल्लीत ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणारा तरुण तांब्याची तार मागायला आला.

"किती जाडीची?" मी मान वर न करता विचारलं.

"तुमच्या बोटांत आहे... तीच."

"बोटांकडे बघू नका, फेरे चुकतात माझे."

"चुकले तर मी मोजून देतो."

त्यानंतर त्याची तार रोजच संपायला लागली! तीन महिन्यांनी त्यानं वडिलांना सरळ विचारलं. वडील उखडले. "ट्रान्झिस्टर म्हणजे नुसता जोर. गोडवा आहे का त्याला? पोरगी मिळणार नाही."

मग मीच म्हणाले, "बाबा, ते नवे मोठे स्पीकर आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला पेलतात का?"

"...नाही पेलत."

"मग पुढे आपला व्हॉल्व्ह गोडव्याला, मागे ह्यांचा ट्रान्झिस्टर जोराला. तुम्ही पाठ फिरवून ऐका. नाही आवडलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि आवडलं तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर बाबा हो म्हणतील."

रविवारी सकाळी आमच्या घरी जोडणी झाली. बटण दाबलं आणि — घूंऽऽऽ! गाण्याचा पत्ता नाही.

"भुंगा पाळलाय वाटतं," वडील पाठमोरेच हसले.

तो तारा चाचपू लागला. मी वाकून पाहिलं. आमचा प्लग दाराशी, त्याचा पार खिडकीशी. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या होत्या, म्हणून ती घुरघुर.

"एवढ्या लांब कशाला गेलात?" मी कुजबुजले.

"तुमच्या शेजारी लावायची... छाती होईना."

"आणा इकडे!"

एकाच बोर्डावर दोन्ही प्लग लावले. घुरघुर थांबली. मग गाणारीनं घेतलेला श्वास ऐकू आला — अगदी कानाशी — आणि पाठोपाठ ढोलाचा ठोका, पायाखालची फरशी हलवणारा. वडील हलले नाहीत. माझ्या ओढणीचं टोक मी मुठीत धरून चुरगाळलं होतं.

गाणं संपलं. ते वळले, चष्मा पुसला.

"पुन्हा लावा. आणि जावईबापू, जरा मोठ्यानं... गल्लीला कळू दे!"

वडील त्यानंतर सहा वर्षांनी, मे महिन्यात वारले. हे गेल्या जानेवारीत, बारा तारखेला गेले.