नजलाताईंच्या खिडकीवरचं प्लास्टिक

दिवा असा मधे ठेवा. हं, आता सांगतो.

त्रिपोलीच्या या बंदराकडच्या गल्ल्यांत मी जन्मभर खिडक्याच बसवल्या. त्या दिवशीही कामालाच गेलो होतो. हिवाळा होता, दिवस कलायला आलेला. नजलाताईंच्या स्वयंपाकघराची लोखंडी खिडकी गंजून सडली होती, काच फुटलेली. समुद्राचा खारा वारा थेट त्यांच्या अंथरुणापर्यंत यायचा. छातीत कफ दाटलेला. असाच आणखी एक हिवाळा काढलात तर निभायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घरात त्या एकट्या. नवरा, रिफअतभाई, याच खिडकीपाशी शॉक लागून गेला. आमच्याकडे वीज दोन ठिकाणची. एक सरकारी, दुसरी गल्लीतल्या जनरेटरची. सरकारी गेली, दिवे विझले, की माणूस समजतो तारा मेल्या. रिफअतभाईही तसंच समजला आणि चौकट काढायला गेला. पण वरच्या मजल्याची जनरेटरची तार याच चौकटीला गुंडाळून वर नेलेली, आणि ती जिवंत होती.

म्हणून मी आधी जनरेटरवाल्या बासिलला फोन लावला.

"सगळं बंद केलंय काका. माझ्या बायकोची शपथ!"

"तुझं लग्न कधी झालं रे?"

"होईल की! तुम्ही काढा बिनधास्त."

तरी मी टेस्टर लावून पाहिला. त्यातला दिवा लागला नाही. मग चौकटीकडे हात नेला.

"थांबा… हात नका लावू…"

हळू, दमलेला, पुरुषाचा आवाज. खिडकीच्या बाहेरून. बाहेर तर नुसत्या तारा लोंबत होत्या, आणि खाली गल्ली.

मी हात मागे घेतला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर टीव्ही बोलायला लागला आणि चौकटीवरून निळी ठिणगी चरचरत गेली. जळक्या रबराचा वास सुटला.

फोनवर बासिल रडकुंडीला आला. "वरच्या बाई ओरडत होत्या काका, मालिका बुडतेय म्हणून… मला वाटलं, झालं असेल तुमचं…"

मी वळलो. नजलाताई स्टुलावर बसल्या होत्या. हातात कॉफीची किटली होती.

"अबू लुत्फी… तुम्हालाही ऐकू आलं?"

"आलं, ताई."

"मला वाटायचं मीच वेडी झालेय. रोज तिन्हीसांजेला, खिडकीजवळ गेले की…" त्या रडल्या. पण भीतीनं नाही हो. किती हलकं वाटलं असेल त्यांना! मग डोळे पुसून म्हणाल्या, "राहू दे ही खिडकी. काढू नका."

"आणि डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टर येणार आहे का रोज संध्याकाळी माझ्याशी बोलायला?"

माझ्याही घरी जेवताना ताट वाजतं, तेवढाच आवाज.

बासिलला जनरेटरपाशीच उभं राहायला लावलं, सगळ्या गल्लीची वीज बंद करवली आणि चौकटीला न शिवता, आतल्या बाजूनं, भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकून जाड प्लास्टिक ताणलं. तेवढाच वारा अडेल.

अंधारून आलं होतं. वारा पडलेला. प्लास्टिक अगदी सरळ, ताठ. मग ते एका जागी आत दबलं. हळूहळू… पाच बोटं… तळवा…

नजलाताई उठल्या आणि आपला अंगठीचा बारीक हात त्यावर टेकवला.

"किती गार पडलेत हो हात तुमचे," त्या म्हणाल्या.

मी हत्यारं उचलली आणि जिना उतरलो. खोकला खालपर्यंत ऐकू येत होता.

तो हिवाळा त्यांनी काढला नाही.

घर रिकामं झाल्यावर घरमालकानं मलाच बोलावलं, नवी खिडकी बसवायला. प्लास्टिक तसंच होतं, धुरकटलेलं. मधोमध तो रुंद पंजा, आत दबलेला. त्याच्या शेजारी दुसरा एक, लहानसा, बारीक बोटांचा, बोटात अंगठी असावी असा.

तोही बाहेरूनच उमटला होता.