घरट्यांवरून पळणारा कर्सर

कर्सर पुन्हा पळाला, आणि मिरेयाच्या तोंडून पुन्हा एक शिवी निसटली.

मॉन्टेव्हिडिओतल्या विज्ञान महाविद्यालयाचं कॅन्टीन दुपारनंतर सुनं पडलं होतं. काचेबाहेर जुलैतल्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या पावसाची थंड, बारीक भुरभुर. तिच्या लॅपटॉपवर दक्षिण ध्रुवाकडच्या एका बेटाचा आकाशातून टिपलेला फोटो होता, आणि त्यातल्या पेंग्विनच्या एकेका घरट्यावर तिला खूण करायची होती. संध्याकाळी सहाच्या आत काम निवड समितीकडे पोचलं नाही, तर डिसेंबरच्या उन्हाळ्यात तिकडच्या तळावर जाणाऱ्या तुकडीत जागा मिळायची आशा संपलीच.

सकाळी बिनतारी माउसनं छळलं. एकदा दाबलं की दोनदा लागायचा, एका घरट्यावर दोन खुणा! वैतागून तिनं तो पिशवीत कोंबला, तर आता ट्रॅकपॅडनं मान टाकलेली. बोट घासून झिजलं तरी कर्सर ढिम्म. ती बिचारी कीबोर्डच्या कळा दाबत दाबत खुणा करत होती, आणि मधूनच कर्सर आपल्या मर्जीनं उडी मारून सगळं बिघडवत होता.

तिनं पिशवीतून थर्मास काढला, तुंब्यातल्या ‘माते’च्या, म्हणजे तिकडच्या चहासारख्या पाल्याच्या भुग्यावर गरम पाणी ओतलं, आणि नळी ओठांना लावत थर्मास परत पिशवीत सारला. कर्सर उडाला...

“तू दरवेळी पाणी ओततेस आणि मग शिवी देतेस,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

उंच, विस्कटलेल्या केसांचा मुलगा. समोर पुलांची रेखाटनं पसरलेली.

“माझ्या शिव्या मोजतोयस?”

“मोजत नाही, क्रम बघतोय. आधी थर्मास, मग शिवी. उलटं एकदाही झालं नाही.”

मिरेया त्याच्याकडे बघतच राहिली. पेंग्विनच्या हालचाली टिपायला शिकलेली ती, आणि इथे कुणीतरी तिच्याच हालचाली टिपत बसलं होतं — तेही इतकं नेमकं!

त्याचं नाव उलिसेस. लॅपटॉपला त्यानं हातसुद्धा लावला नाही. थर्मास राहू दे, नुसती पिशवी हलव, म्हणाला. तिनं हलवली. कर्सर नाचला. तिनं आत हात घातला, तर थर्मासच्या बुडाशी माउस, दिवा लुकलुकत असलेला.

तिनं तो बंद केला. उड्या थांबल्या, पण ट्रॅकपॅड मेलेलाच. साडेचार वाजून गेले होते. ती चिडून त्यावर बोट घासत राहिली. उलिसेस मात्र शांत. हे न घाबरणं तिला फार आवडलं, इतकं की क्षणभर ती घरटीच विसरली.

माउस जोडलेला असला की ट्रॅकपॅड बंद राहावा, असं तूच कधी ठरवून ठेवलं होतंस का, त्यानं विचारलं. तिला आठवलं. लिहिताना तळहात लागायचा, म्हणून तिनंच ती सोय करून ठेवली होती.

“पण माउस तर बंद केला ना?”

“लॅपटॉपला कुठे माहितीये?” त्यानं कडेच्या खाचेकडे बोट दाखवलं. माउसचं नखाएवढं रिसीव्हर तिथे तसंच बसलेलं होतं. तिनं ते उपसलं... आणि बोटाखाली कर्सर हळुवार सरकला.

मग ती कामाला लागली. तो आपल्या टेबलावर परतला, पण तिनं तुंबा भरून त्याच्याकडे सरकवला तेव्हा खुर्चीसकट इकडे आला. अधूनमधून, तो धोंडा आहे की घरटं, यावर दोघांची कुजबुज चालायची. सहाला थोडा अवकाश असताना काम गेलं. पोचल्याची पोचही आली.

“एक सांगायचंय,” तो रेखाटनांची गुंडाळी करत म्हणाला. “क्रम मला बराच आधी कळला होता. पण बोलायचं कसं... धीरच होईना.”

“पूल बांधणार आणि दोन टेबलांमधलं अंतर ओलांडता येईना?”

त्याचे कान लाल झाले. त्या लाल कानांकडे बघताना मिरेयाला जाणवलं, की ज्या जागेसाठी ती दिवसभर जीव टाकत होती, ती आता थोडी टोचू लागली आहे.

“निवड झाली तर सगळा उन्हाळा मी बर्फात असेन,” ती म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

“मी कुठे काय विचारलं?”

“विचारणार होतास.”

“हो...” तो हसला. “होतो.”

“मग विचार ना. उन्हाळ्याला अजून खूप अवकाश आहे.”