चंद्रभानची रिकामी जागा

सॉफ्टवेअर फुकट होतं, कोड सगळ्या जगाला खुला होता. पण त्यात बदल करायचा तर तिघांपैकी दोघांची संमती लागायची. हा नियम भूपेंद्रनं कुठल्या पुस्तकातून उचलला नव्हता. लाखांदूरजवळच्या त्याच्या गावात तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, तीन पंचांपैकी दोघांनी होकार दिल्याशिवाय आजही उघडत नाही. धानाला कुणाचं पाणी कधी, हे मोबाईलवर सांगणारं 'पाणपाळी' त्यानं याच गावात बसून लिहिलं आणि ते गावोगावी पोचलं. सांभाळणारे तिघं: भूपेंद्र, पवनीच्या विणकर घरातली आणि आता नागपुरात नोकरी करणारी कीर्ती, आणि भूपेंद्रचा लहानपणापासूनचा जिवलग आणि त्याच्यासारखाच तलावाचा पंच असलेला चंद्रभान.

चंद्रभान श्रावणात तापानं गेला. गावात पंच वारला की त्याचा दुपट्टा तुडुमाजवळच्या खांबाला बांधतात आणि त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवतात. भूपेंद्रनं प्रकल्पातही तेच केलं. चंद्रभानचं खातं तसंच ठेवलं, अधिकारही काढले नाहीत. शहाण्यासुरत्या माणसानं हसावं असाच हा प्रकार. पण मित्राचं नाव आपल्याच हातानं पुसायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

मग एका सकाळी कीर्तीचा प्रस्ताव आला. पाणपाळी नागपूरच्या एका कंपनीच्या हाती द्यावं, आणि कुणाचंच ऐकत नाही म्हणून भूपेंद्रला प्रमुखपदावरून काढावं. साधा एक फोनही केला नव्हता तिनं. त्यानं नकार नोंदवला. बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो, म्हणून तो जेवायला बसला.

हात धुऊन आला तर तिसरं मत पडलेलं होतं.

"हो. आधी माझ्या बांधीत पाहून घेतलं." खाली नाव चंद्रभानचं.

चंद्रभान कुठलाही बदल आधी स्वतःच्या बांधीत, धानाच्या त्या तुकड्यात, पाणी घेऊन तपासायचा आणि मग हेच वाक्य लिहायचा. भूपेंद्रचे अधिकार एव्हाना गेलेही होते. त्यानं कीर्तीला फोन लावला.

"मेलेल्या माणसाचं खातं वापरून राहिली तू? लाज नाही वाटली?"

"प्रस्ताव माझा आहे, ते मी नाकारत नाही," कीर्ती म्हणाली. "पण त्याचा पासवर्ड मले कायले माहीत असंल? मले वाटलं, तूच हार मानून ते मत टाकलं."

आवाज खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. त्यानं तो आणखीच चिडला आणि तडक चंद्रभानच्या घरी गेला. ऊन मी म्हणत होतं. गळ्यातल्या निळ्या काठाच्या दुपट्ट्यानं घाम पुसत त्यानं चंद्रभानच्या बायकोला, सुमित्राबाईला, विचारलं, "वहिनी, त्याचा फोन कोनाजवळ आहे?"

"फोन तं राखेसंगं वैनगंगेत सोडला, भाऊजी. तुमी होते ना तिथं."

लॅपटॉप पेटीत होता, लुगड्यांखाली. तो सुरूच होईना. पेटी लावता लावता सुमित्राबाई थांबल्या.

"आमची पाळी नव्हती, तरी काल बांधीत पाणी आलं. कोनी सोडलं, भाऊजी?"

भूपेंद्र उठला आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला. कीर्तीनं घात केला तो एक वेळ सोसता आला असता. पण चंद्रभाननं? तो जिवंत असता तर निदान गचांडी धरून विचारता आलं असतं, काहून केलं रे असं? त्याचे डोळे भरून आले.

खिशात फोन थरथरला. नवा प्रस्ताव होता. टाकणारा चंद्रभान.

"नियमाप्रमाणे भूपेंद्रची जागा वर्षभर रिकामी ठेवावी."

भूपेंद्रनं घाम पुसायला गळ्याकडे हात नेला. दुपट्टा नव्हता.

समोर तुडुमाच्या खांबाला दोन दुपट्टे बांधलेले होते. एक चंद्रभानचा. दुसऱ्याचा काठ निळा.

त्यानं गाठ सोडायला बोटं घातली. ती सुटेना. उन्हापावसानं ती कधीचीच आवळून गेली होती, आणि काठाचा निळा रंग पार विटला होता.