काउंटरवर चष्मा नको

हॉटेलातल्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी तिने शेजारी बसणाऱ्या माणसालाच पाहुणा समजून हसतमुखाने विचारलं, "या सर! सामान कुठंय आपलं?"

"सामान?" तो गालातल्या गालात हसला. "जेवणाचा डबा आहे... चालेल?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करणार काय बिचारी! तिचा जाड भिंगांचा चष्मा पर्समध्ये पडून होता. काउंटरवरच्या बाईने चष्मा लावायचा नाही, असा तिथला नियम. लेन्स लावून पाहिल्या, तर डोळे लालबुंद झाले आणि डॉक्टरांनी साफ मनाई केली.

आणि हे शेजारचे महाशय? नाकावर चांगला काळ्या काड्यांचा चष्मा! त्यावरून सगळे त्याला प्रोफेसर म्हणत.

"तुम्हाला बरा चालतो!" ती म्हणाली.

"माझ्या चष्म्याने म्हणे पाहुण्यांना भरवसा वाटतो."

"आणि माझ्या?"

"साहेब म्हणतात, बाई मास्तरीण दिसते."

ती हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तो तोंडच असं करायचा.

मग ते रोजचंच झालं. पाहुणा आला, की तो खुर्ची इंचभर सरकवायचा आणि पडद्यावरचा खोलीचा नंबर तिच्या कानाशी पुटपुटायचा. "तीनशे अकरा..." नंबर तो नंबर, पण तिच्या अंगावर गोड काटा यायचा! सुटल्यावर मागच्या दाराशी ती चष्मा लावायची आणि तो बघत राहायचा.

"चष्म्यात तू... फार गोड दिसतेस. हा चेहरा फक्त मलाच बघायला मिळतो."

"बरी आहे की तुझी मजा!" असं म्हणून ती लाजायची. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे वेडीला उशिरा कळलं.

पुढच्या आठवड्यात तिची नोकरी पक्की व्हायची होती. आईने तर दहा जणांना सांगूनही टाकलं होतं. आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली.

एक गृहस्थ बॅग घेऊन आले. "नंबर?" तिने हळूच विचारलं. प्रोफेसरांचं लक्ष पडद्यावर होतंच कुठे? ते तिच्या कानातल्या डुलांवर! "दोनशे सहा," तो पुटपुटला. खोली होती दोनशे आठ. तिने दोनशे सहाचं कार्ड करून दिलं, गृहस्थांनी दार उघडलं आणि आत एक बाई कपडे बदलत होती. त्या किंकाळीने अख्खं हॉटेल गोळा झालं.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं.

"साहेब, चष्म्याशिवाय मला पडदा दिसत नाही," ती म्हणाली. "रोज प्रोफेसरच मला नंबर सांगतात. विचारा ना त्यांना!"

त्याच्या बढतीचा कागद टेबलावर सहीची वाट बघत होता. तिला ते ठाऊक होतं, तरी तो खरं सांगेल अशी तिची खात्री होती.

"काय रे? तू सांगतोस?"

त्याने चष्मा काढला. रुमालाने पुसला... पुसतच राहिला. "मी आपला माझ्या कामात असतो, साहेब. मला कल्पना नाही."

झालं! तिची रवानगी तळघरात, धुलाईकडे. "तिथे लाव खुशाल चष्मा," साहेब म्हणाले, "तिथे कोण बघतंय?" पक्क्या नोकरीचा तर विषयच संपला.

संध्याकाळी मागच्या दाराशी तो उभाच होता. "रागावलीस? ऐक ना... माझं प्रेम आहे गं तुझ्यावर. अगदी चष्म्यासकट!"

याच शब्दांसाठी ती किती दिवस झुरली होती. तिने चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं. देखणा होताच मेला! रडू आलं तिला, आणि त्याहून जास्त संताप आला.

"मग आत का नाही बोललास? तिथे तर प्रेम नकोच होतं. हिला दिसत नाही, एवढंच सांगायचं होतं."

"अगं, पण माझी नोकरी..."

"आणि माझी?"

ती चालती झाली.

चार दिवसांनी ती चादरींचा गठ्ठा घेऊन वर आली, तर काउंटरवर नवी मुलगी. डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. शेजारची खुर्ची इंचभर सरकली.

ती चष्म्यानिशी, भर पाहुण्यांत काउंटरपाशी गेली.

"ए मुली, दिसत नसेल तर सगळ्यांसमोर मोठ्याने सांग, की मला चष्मा लावू देत नाहीत. कानाशी कुणी पुटपुटलं, तर ऐकू नकोस."

प्रोफेसरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.