मनोविहार

“अहो, थांबा! शिडीखालून नका जाऊ, सिस्—”

वरून आवाज आला आणि मागोमाग निळ्या रंगाचा टपोरा थेंब नर्सच्या पांढऱ्याशुभ्र खांद्यावर पडला. तिने रागाने वर पाहिलं. शिडीवर दवाखान्याचा बोर्ड रंगवणारा पेंटर होता, चेहरा कावराबावरा. त्याच्यामागे ओल्या, सुबक अक्षरांत लिहिलं होतं — ‘मनोविहार विभाग’.

ती राग विसरली.

“हे काय लिहिलंत?”

“फोनवर सांगितलं तेच की. मनोविहार.”

“मनोविकार! वि-का-र! इथे मनाच्या आजारांवर उपचार करतात, सहलीला नाही नेत.”

एवढं बोलल्यावर तिला असं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. पेंटर मात्र पार ओशाळला. लगेच पुसायला निघाला; पण डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, त्यांना विचारून काय ते करू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बोर्ड वाचून एक मावशी आत डोकावल्या. “नाव छान आहे गं. घटकाभर बसू का?” बसल्या, आणि बोलता बोलता रडू लागल्या. कित्येक महिन्यांत त्यांना धड झोप नव्हती. एरवी ओस पडलेल्या त्या बाकावर हळूहळू माणसं दिसू लागली.

पेंटरही दिसू लागला. रोज. रंग वाळला का, ते बघायला.

“अजून वाळतोच आहे होय?” तिने विचारलं.

“हवा दमट आहे ना…”

बाहेर कडकडीत ऊन होतं.

“बरं, सगळे मला सिस्टर म्हणतात. तुम्हीच तेवढे अडखळता.”

“मला एक बहीण आहे. सख्खी. आणखी… नको आहे.” त्याचे कान लाल झाले. “रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?”

तिचं हसू ओठांवरच थांबलं.

कारण या विभागात ती नोकरीच्या आधी पेशंट म्हणून आली होती. अंथरुणातून उठावंसंच वाटेना, असे दिवस होते ते. उपचारांनी ती उभी राहिली. रोजची एक गोळी अजून चालू होती, आणि ती व्हिटॅमिनच्या डबीत लपवलेली होती.

“गोळीबद्दल चकार शब्द काढू नकोस हं,” घरी वहिनीने बजावलं. “मागचं स्थळ कशावरून गेलं, विसरलीस? लग्न झालं की हळूच सांगू.”

डॉक्टरीणबाई रजेवरून परतल्या, बोर्ड पाहून हसल्या. “राहू दे की! माणसं येताहेत.” पेंटरचा जीव भांड्यात पडला.

“नको,” नर्स म्हणाली. “बदला.”

“अहो, पण विहार किती गोड शब्द आहे—” पेंटर सांगू लागला.

“आहे. पण…” बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती. “पण मला विहार नव्हता झाला. विकार झाला होता, मनाचा. उपचार घेतले, बरी झाले, गोळी अजून घेते. तापाला आपण ताप म्हणतो ना? मग या शब्दाला काय धाड भरली आहे?”

तिची मान ताठ होती.

पेंटरने ब्रश पुसून डब्यात ठेवला. आता हा जाणार — तिने मनाची तयारी केली.

“आईला काय सांगू?” त्याने विचारलं.

“हेच. आणि कुजबुजून नाही.”

“कुजबुजून उपयोगच नाही. तिला ऐकू कमी येतं.”

मावशी फिसकन हसल्या. पेंटर शिडीवर चढला आणि ‘हा’ खरवडून त्याने ‘का’ काढला. इतर अक्षरांपेक्षा जरा ठळकच.

रविवारी त्याची आई आली. बसायच्या आधीच तिने नर्सचा हात हातात घेतला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “गोळी वेळेवर घेतेस ना गं?”

वहिनीने लगबगीने खिडकी लावली. समोरच्या घरातले लोक दारात आले होते.

नर्स उठली. खिडकी सताड उघडून ती तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाली,

“घेते, आई! रोज घेते!”