फाटक लावून गेलेला चोर

शुक्रवारी दुपारी फोन वाजला तेव्हा इन्स्पेक्टरबाई समोरच्या खुर्चीवर पाय पसरून गुडघ्याला मलम चोळत होत्या. निवृत्तीला सात महिने होते. गुडघा मात्र तेवढं थांबायला तयार नव्हता.

"मॅडम, बाबांची गाडी चोरीला गेली. पिवळी गेली."

पिवळी म्हटल्यावर पुढचं विचारायची गरज नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वीची, बुटकी, दोन दारांची शर्यतीची गाडी. तिच्या मालकाने घाटातल्या शर्यती इतक्या वेळा जिंकल्या होत्या की लोक त्याचं नाव विसरून त्याला नुसतं 'चँपियन' म्हणायचे.

बाईंनी मलमाचं झाकण लावलं आणि हवालदाराला हाक मारली.

बंगला उताराच्या टोकाला होता. गॅरेजमध्ये दोन गाड्यांची जागा. एक रिकामी. दुसरीत करड्या रंगाची चकचकीत गाडी उभी होती. त्याच कंपनीची, त्याच नावाची, यंदाची नवी आवृत्ती. तिची चावी शेजारच्या खिळ्यावर लटकत होती.

हवालदाराने डोकं खाजवलं. "मॅडम, नवी कोरी सोडून जुनं डबडं नेलं? चोर होता की भंगारवाला?"

"डबडं म्हणू नका."

दारात चँपियन उभा होता. वय अडुसष्ट. कपाळाच्या कोपऱ्यावर पट्टी. बोलताना जीभ भाजल्यासारखे शब्द जड येत होते.

"या नवीचं वजन सोळाशे किलो. पिवळी नऊशेची. हिचं स्टीअरिंग मोटरवर फिरतं, चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळतच नाही. पिवळीत रस्त्यावरचा खडा तळहाताला कळतो. ही वळणावर घसरायला लागली की आपली आपणच ब्रेक लावते. इंजिनाचा आवाजसुद्धा स्पीकरमधून सोडतात, आता बोला! हिला माझी गरजच नाही. पिवळी मला सांभाळत नाही. मलाच तिला सांभाळावं लागतं. तशा गाड्या आता कोणी बनवत नाही आणि कायदा बनवूही देणार नाही."

"नवी मी आणली," मागून मुलगा म्हणाला. आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता. "चार महिने झाले. बाबा एकदाही त्यात बसले नाहीत."

बाईंनी रिकामी जागा पाहिली. जमिनीवर पत्र्याचा उथळ ट्रे होता, त्यात काळं तेल.

"तेल गळतं?"

"जुन्या इंजिनाला घाम येतो," चँपियन म्हणाला. "उभी राहिली की थेंब टाकते."

"सकाळी घरी कोण होतं?"

"मी आणि मुलगा दहाला दवाखान्यात गेलो. पट्टी बदलायला. सोमवारी कपाटाचं दार लागलं. एकला परत आलो, तर गाडी नाही. बायको घरीच होती."

"किल्ली?"

"टेबलाच्या खणात. आत्ता पाहिली, जागेवर आहे. दुसरी आमच्या मिस्त्रीकडे."

"मिळालीच किल्ली, तर कोणीही नेऊ शकेल?"

चँपियन हसला. "प्रयत्न करून बघू दे. आधी पेट्रोल सोडायचं चोरबटण दाबावं लागतं, ते सीटखाली लपवलंय. मग चोक ओढायचा. आणि पहिला गिअर डावीकडे खाली आहे. बाकीच्या गाड्यांत पहिला असतो तिथे हिचा रिव्हर्स. नवखा माणूस मागच्या भिंतीवर जाऊन आदळेल."

बाईंनी भिंत पाहिली. पांढरीशुभ्र. एक ओरखडा नव्हता.

"बटण कोणाला ठाऊक आहे?"

"मला आणि मिस्त्रीला. तिसरं कोणी नाही."

मुलाने बापाकडे पाहिलं. "मग उरला कोण, बाबा?"

 चँपियनचा चेहरा पडला. मिस्त्री तीस वर्षांचा दोस्त होता.

तेवढ्यात चँपियनची बायको पाण्याचे पेले घेऊन आली. सडसडीत, केस घट्ट बांधलेले.

"तुम्ही काही ऐकलंत?" बाईंनी विचारलं.

"मी मागे कपडे धूत होते. काही ऐकलं नाही." ती जरा थांबली. "रविवारच्या आत सापडेल का?"

"रविवारी काय आहे?"

"जुन्या गाड्यांची घाटातली शर्यत," चँपियन म्हणाला. "पंधरा वर्षांनी पहिल्यांदा उतरणार होतो. शेवटची म्हणा हवं तर."

बाहेर पडताना फाटकाची कडी लावली नाही म्हणून मुलगा हवालदारावर खेकसला. "लावा ती! कुत्रा रस्त्यावर जातो. म्हातारा झालाय, ट्रक अंगावर आला तरी त्याला ऐकू येत नाही."

पायरीवर एक करडा कुत्रा पाय ताणून झोपला होता.

"तुम्ही आलात तेव्हा फाटक लावलेलं होतं?" बाईंनी विचारलं.

"हो. कडीसकट."

बाई फाटकाबाहेर वाकल्या. गुडघा कळवळला. कडेच्या मातीत, पाऊलभर अंतरावर, तेलाचे दोन काळे थेंब होते.

समोर निवृत्त पोस्टमन राहायचा. तो खिडकीतच होता, विचारायचीच वाट बघत.

"किती वाजता गेली गाडी?"

"साडेदहा. माझ्या तावदानांनी सांगितलं ना! पिवळी सुरू झाली की ती थडथडतात. मला वाटलं, चँपियनच निघाला."

"तसं का वाटलं?"

"गिअर इतके मऊ पडले. एक धक्का नाही. तिला ओळखणारा हात होता, मॅडम."

"आवाज घराच्या मागेपर्यंत गेला असेल?"

"मागे? अहो, चौकापर्यंत जातो."

मिस्त्रीचं वर्कशॉप पुढच्या रस्त्यावर होतं. बाई पोचायच्या आधीच मुलाने त्याला फोन करून नको ते सुनावलं होतं. मिस्त्री स्टुलावर बसला होता, हातातला पाना तसाच धरून.

"साडेदहाला कुठे होतात?"

"या व्हॅनखाली. ड्रायव्हर इथेच बसून होता, विचारा त्याला."

ड्रायव्हरने मान हलवली.

"पिवळीची किल्ली?"

मिस्त्रीने भिंतीकडे बोट केलं. खिळ्यांची रांग होती. बाकी किल्ल्यांवर ग्रीसची ताजी बोटं उठली होती. पिवळीच्या किल्लीवर धूळ होती आणि कडीपासून खिळ्यापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं.

"ही किती दिवसांत काढली नाही?"

"वर्ष झालं असेल. साहेब स्वतः गाडी आणतात ना." तो थांबला. "मॅडम, साहेबांनाही तसंच वाटतं का? मीच नेली म्हणून?"

बाई पुन्हा किल्लीकडे वळल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट त्यांना पाठ झाली होती. अशा वेळी खोटं बोललं तरी त्रास, खरं बोललं तरी त्रास.

"आता कुठे?" हवालदाराने विचारलं.

"चालत. गाडी थांबली की थेंब टाकते. कुठे कुठे थांबली ते बघू."

चौकात सिग्नलजवळ तीन थेंब सापडले. हायवेला जायला उजवीकडे वळायचं. थेंब डाव्या रांगेत होते. शाळेच्या गतिरोधकापाशी एक. मग जुन्या बाजारातल्या अरुंद गल्लीत, बंद शटरसमोर, चांगला रुपयाएवढा डाग. शटरवर पुसट अक्षरांत छापखान्याची पाटी होती. शटरच्या तळाशी धूळ पुसली गेली होती.

"कोणाचा हो हा?" हवालदाराने शेजारच्या शिंप्याला विचारलं.

"मी आत्ता दुपारीच दुकान उघडलं, पण हा तर वीस वर्षं बंद आहे. म्हातारे वारले. किल्ली मुलीकडे असते. तीच ती, चँपियनला दिलेली."

बाई पायरीवर बसल्या. हवालदाराला वाटलं गुडघा दुखतोय. दुखत होताच.

"सगळ्यांना बोलावून घ्या," त्या म्हणाल्या. "मिस्त्रींनाही. आणि त्यांना सांगा, अटक नाही."

पाच वाजता सगळे गल्लीत उभे होते. बाईंनी चँपियनच्या बायकोपुढे हात केला. तिने कमरेची किल्ली काढून दिली.

शटर वर गेलं. शाईच्या जुन्या वासात, छपाईच्या यंत्राशेजारी, पिवळी उभी होती. तिच्याखाली एक ताट ठेवलं होतं, तेल जमिनीवर पडू नये म्हणून.

"आई?" मुलगा म्हणाला.

"चोरी नाहीच ही," बाई म्हणाल्या. "चोर दुसऱ्याचं फाटक लावत बसत नाही. फाटकाबाहेर तेलाचे थेंब होते. म्हणजे गाडी बाहेर काढून थांबवली, कोणीतरी उतरलं, कडी लावली आणि मग गेलं. एका बहिऱ्या कुत्र्यासाठी. ही काळजी घरच्या माणसाची."

"पण किल्ली..."

"मिस्त्रींच्या किल्लीवर कोळ्याचं जाळं आहे. म्हणजे खणातलीच वापरली आणि परत ठेवली. चोर किल्ली परत ठेवतो का? घरात एकच माणूस होतं. समोरची तावदानं थडथडली आणि यांना मागे ऐकू आलं नाही, हे मला तेव्हाच पटलं नव्हतं. आणि सगळे विचारत होते, गाडी कोणी नेली असेल. यांनी एकच विचारलं, रविवारच्या आत सापडेल का."

"हिला चालवता येत नाही ती!" चँपियन ओरडला. "हिला बटणही माहीत नाही!"

तेव्हा बायको बोलली. "बटण सीटखाली, कापडाच्या शिवणीत लपवलंय. शिवण कोणी घातली? आणि जिंकल्यावर मित्र तुम्हाला खांद्यावर घेऊन जायचे, अहो. तेव्हा गाडी घरी कोण आणायचं? मिस्त्री तर तुमच्यापुढे नाचत असायचे."

मिस्त्रीने मान खाली घातली. "खरं आहे, साहेब. वहिनीच आणायच्या."

"पण का?" मुलाने विचारलं.

बाईंनी चँपियनकडे पाहिलं. "कपाटाच्या दाराने कपाळ फुटतं. जीभ नाही फुटत. तुमची जीभ चावली गेलीय. माझ्या भावाला फिट यायच्या. नंतर चार-पाच दिवस तो असाच बोलायचा. किती वेळा झालं?"



"तीनदा," बायको म्हणाली. "एकदा न्हाणीघरात, एकदा जेवताना, सोमवारी कपाटापाशी. उठले की म्हणतात, चक्कर आली. डॉक्टरांना सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाले. लायसन्स जाईल ना! टायर फाडता आले असते. पण मिस्त्रींनी तासाभरात बदलले असते. आणि हात धजला नाही माझा. तीही जुनीच आहे माझ्यासारखी."

"नवी गाडी असती तर कदाचित वाचवलंही असतं," बाई सावकाश म्हणाल्या. "निदान ब्रेक लावला असता. पिवळीला तुम्ही ज्यासाठी जपलंत, तेच तुमच्या पत्नीच्या उरावर बसलं होतं. तिच्यात माणूस आणि रस्ता यांच्यामध्ये कोणी नाही. घाटात दोन क्षण माणूसच नसेल, तर ती सरळ जाते. आणि वळणावर माणसं उभी असतात बघायला."

मग त्या बायकोकडे वळल्या. "पण एक गोष्ट तुमची चुकली. मिस्त्रींवर आळ आला, आणि तुम्ही पाण्याचे पेले घेऊन उभ्या राहिलात."

ती मिस्त्रीपुढे गेली. तिने हात जोडले. मिस्त्री म्हणाला, "राहू द्या, वहिनी." पण तो लगेच पुढे म्हणाला, "लागलं मात्र." आणि ते ऐकून मुलाची मानही खाली गेली.

चँपियन पिवळीच्या टपावर हात ठेवून उभा होता. "मला सांगायचंस."

"सांगितलं. तिन्ही वेळा. तुम्ही मला म्हणालात, तुला काय कळतं गाडीतलं."

बाहेर शिंप्याचं मशीन थांबलं होतं. तो ऐकत होता. हवालदाराने जाऊन त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

तक्रार मागे घ्यायचा कागद बाईंनी यंत्राच्या टेबलावर ठेवला. "सही करा. वर कारण लिहा. गाडी नातेवाइकाकडे मिळाली, एवढं पुरे."

चँपियनने पेन घेतलं. एकदा पिवळीकडे पाहिलं. मग मोठ्या, वाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि कागद फिरवला.

'मला फिट येतात, म्हणून पत्नीने गाडी ठेवून घेतली.'

बाईंनी दोनदा वाचलं. "हे सरकारी कागदावर राहील. मला लायसन्स ऑफिसला कळवावं लागेल."

"कळवा."

"खोडून दुसरं लिहिता येईल. कोरा कागद आहे माझ्याकडे."

"नको, मॅडम." त्याने पेनाचं टोपण लावलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. "घरी गेलो की मी पुन्हा म्हणेन चक्कर होती. मी ओळखतो ना मला."

बायकोने तोंडाला पदर लावला. मुलगा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

बाईंनी कागदावर तारीख घातली, खाली सही केली आणि घडी करून खिशात ठेवला.