नाव घिऊन हाक

बदनामी म्हनं! कसली बदनामी रं राजवर्धना? लेकरू आमचं चाललंय हातातनं, आन बदनामी तुझ्या पार्काची व्हय? गेटात उभा ऱ्हाऊन, गॉगल डोस्क्यावर चढवून म्हनतोस, "मुलीला ताप असेल, दवाखान्यात न्या, आमचं नाव घेऊ नका." घेनार! चावडीवर घेनार, भर बाजारात घेनार! ताप असता तर हंबीररावानं तुझ्या दारात पाय ठिवला असता काय?

जाऊ द्या. त्यो हितं न्हाई, आन भितीला बोलून उपेग न्हाई. सरपंचताई, तुमी हाय समूर. च्या ठिवू नगा. च्या प्यायला कोन आलं न्हाई. नुस्तं ऐका.

हंबीरराव आमच्या गावचा. तीन एकर ऊस, दोन म्हशी, आन डोस्कं असं की पेटवायला काडी लागत न्हाई. पर पोरांच्या बाबतीत मऊ. थोरली संयोगिता, पाच वर्साची, तिला समदी संयू म्हनत्यात. धाकटा साईराज तीन वर्साचा. संयूच्या शाळंतली पोरं तुमच्या गावच्या ह्या ॲग्रो पार्काला जाऊन आल्ती. तवापसनं तिनं टुमनं लावलं व्हतं, "आप्पा, आपुन कवा जायाचं?" मागल्याच्या मागल्या आयतवारी हंबीररावानं गाडी काढली. साईराज टाकीवर, मधी संयू, मागं बायको दीपमाला एका अंगानं बसलेली, मांडीवर डब्याची पिशवी. चौघं झ्याक बसली.

निघताना म्हातारी राहीबाई, हंबीररावाची आई, उंबऱ्यात आली.

"दीपमाला, निघताना नाव घिऊन हाक मार गं. इसरू नगंस."

"व्हय आत्या."

आता ही काय रीत, ते सांगतो. आमच्याकडं ल्हान लेकरू नव्या जागंत खेळलं, की तितनं उठताना आईनं न्हाईतर बानं त्याचं नाव घ्याचं. 'चल रं साईराज, घरला चल.' परतेकाला निराळी हाक. लेकराचं चित्त खेळात गुतल्यालं असतंय, ते तितंच ऱ्हाऊ नये म्हनून. 'चला समदी' असं मातूर कवा म्हनायचं न्हाई. का न्हाई, ते कुनी सांगितलं न्हाई आन आमी इचारलं न्हाई.

पार्कात गेल्यावर हंबीररावाचं डोस्कं चढायला लागलं. हुरडा, बैलगाडी, शेरडं, कोंबड्या. "आगं, हे समदं घरी हाय की आपल्या! आपलीच बैलं सोडून ह्यांच्या बैलगाडीला लायनीत उभं ऱ्हायाचं?" दीपमाला हासत म्हनली, "आवं, घरी शेन काढाया लागतंय. हितं दुसरा काढतोय. तेवढंच सुख." साईराज बदकाला बघून रडला. संयू मातूर पळत सुटली, ती मागल्या अंगाला, उसाच्या कडंला घसरगुंडी हाय, तितं.

ती घसरगुंडी तुमी बघितलीया, ताई? सिमिटाच्या कट्ट्यावर हाय. कट्टा गोल, बरोबर गोल, पंधराएक हात रुंद. झोपाळ्याकडं पोरांची ही गर्दी, पर तिकडं एक लेकरू फिरकत न्हवतं. संयू एकलीच चढायची, घसरायची, आन मग बाजूला व्हऊन थांबायची. थांबायची, आन तिची मान वरनं खाली यायची. कुनीतरी घसरत आलंय आन ही बघतीया, अशी. मग हासायची आन परत चढायची.

हंबीरराव लांबनं वरडला, "थांबतीस का गं मधीच?"

"तिचा नंबर हाय, आप्पा."

"कुनाचा?"

"तिचा."

पोराठोरांचा खेळ म्हनून त्यानं सोडून दिलं. पर एक आवाज त्याच्या कानात बसला. संयू खाली उभी, घसरगुंडी रिकामी, आन तरी पत्र्यावर काहीतरी घासत आलं. सर्रर्र... आन तळाला डुबुक. खाली वाळू व्हती, ताई. कोरडी ठनठनीत वाळू. त्याला वाटलं, पल्याड हौद असंल.

पाच वाजलं. पार्कवाला शिट्ट्या मारू लागला. उसावर उन्हं तांबडी झाली, थंडी सुटली. संयू यीना. साईराज कडंवर घ्या म्हनून भोकाड पसरून बसला. दीपमालानं पिशवी खाली ठिवली, पदर सावरला, आन हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात हंबीररावाचा तोल गेला.

"नावं कसली घेत बसतीस! त्यो शिट्ट्या मारतोय तिकडं! चला रं समदी! कोन कोन ऱ्हायलंय हितं, त्यानं माझ्यासंगं या! न्हाईतर ऱ्हावा हितंच!"

उसाची सळसळ थांबली. शिट्टीबी थांबली.

सर्रर्र... डुबुक.

मग संयू आली. पळत न्हाई. हळू, एकेक पाय टाकत, जनू निसरड्यावनं चालतीया. जवळ येऊन उभी ऱ्हायली. दीपमालानं तिच्या डोस्क्यावनं हात फिरवला आन हात मागं घेतला.

"केस ओलं कशानं गं?"

पोरगी गाडीकडं चालाया लागली.

गाडीवर बसली तवा जागा पुरंना. दीपमाला मागनं म्हनली, "फुडं सरका की जरा."

"कुठं सरकू? टाकीवर चढलोय मी."

"मी पडंन हितनं."

"सकाळी बसली व्हती की समदी!"

"सकाळी चौघं व्हतो," ती म्हनली.

"मग आत्ता किती हाय?"

दीपमालानं पिशवी पोटाशी धरली. त्यानं गाडी दामटली. फुडं उसाच्या ट्रॅक्टरची रांग, धुरळा, आन गाडीवर जुन्या पान्याचा वास. हिरीच्या तळाला शेवाळ कुजतंय तसा. त्याच्या पाठीला दोन हात चिकटल्यालं व्हतं, आन खाली कमरंला आनखी दोन. तीन मैल त्यानं आरशात बघितलं न्हाई. तसा त्यो भिनारा गडी न्हाई, ताई. रातचं पानी पाजायला एकला जातो.

दारात राहीबाई भाकरीचा तुकडा घिऊन उभीच. साईराजवरनं उतरला, टाकला. दुसरा तुकडा संयूवरनं उतरू लागली, आन म्हातारीचा हात मधीच थांबला. तुकडा भिजून चिक्कूल झाला व्हता. बोटांतनं पानी गळत व्हतं.

"कोन मारली हाक?" तिनं हळू इचारलं.

"मी."

"नाव घिऊन?"

हंबीरराव खाली बघाया लागला. "...चला समदी म्हनलो. ऱ्हायल्यालं असंल त्यानं या म्हनलो."

म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नुस्तं म्हनली, "आरं, काय केलंस बाबा..."

त्या दिसापसनं संयूला संयू म्हनून हाक मारली तर ती वळत न्हाई. संयोगिता म्हना, ताई म्हना, न्हाई. 'ए पोरी' म्हनलं की झटक्यात वळती. डाव्या हातानं जेवती. आमची संयू उजव्या हाताची. रातीला कोरड्या हातरुनात निजवायची, सकाळी उशी पिळून घ्याची. न्हायला बसवली की किचाळती, दीपमालाला वरबाडती. म्हनती, "नीर ब्याड! अव्वा, नीर ब्याड!" कुनाला कळंना ही काय बडबडतीया. डाक्टर झाला, दोन डाक्टर झालं. ताप न्हाई. ऐक रं राजवर्धना, ताप न्हाई!

चौथ्या दिशी आमचा रमजान आला. त्यो शेरडाचा व्यापारी, दर आठवड्याला जतच्या बाजारात. त्यानं अंगनातनं ऐकलं आन चप्पल काढायची तशीच ऱ्हायली.

"हंबीर, पोरगी कानडी कुठं शिकली रं?"

"कसलं कानडी?"

"नीर ब्याड. पानी नगं म्हनतीया आईला. जतच्या पल्याड बोलत्यात, अगदी तसंच."

जत! पोरीनं कराडच्या फुडं कवा बघितलं न्हाई, आन जतला तर घरातलं कुत्रंबी गेल्यालं न्हाई.

हंबीरराव उठला त्यो सरळ केरब्याकडं. केरबा म्हंजी तुमच्याच गावचा म्हातारा, राजवर्धनच्या बापाकडं त्याच रानात सालगडी व्हता. आधी त्यानं तोंड फिरवलं. मग हंबीररावानं पोरीला त्याच्या समूर उभी केली. केरब्यानं बघितलं, आन त्याची इडी हातातनं पडली.

तुमी लगीन व्हऊन ह्या गावात आलाय सहा वर्सामागं. म्हनून तुमास्नी ठावं न्हाई. त्या कट्ट्याखाली हीर हाय, ताई. जुनी, बिनकठड्याची. आठ वर्सामागं जतकडली उसतोडीची टोळी तितं पाचटाच्या कोप्या घालून ऱ्हायली व्हती. आईबाप फाटंचं फडात जायाचे, लेकरं हिरीकडंला खेळायची. एक दिस सांजचं एक पोरगी घावंना. चार-पाच वर्साची. टोळीनं रातभर हुडकलं. मालक, म्हंजी राजवर्धनचा बा, म्हनला, उसात शिरली असंल, कुनीतरी नेली असंल, पोलिसात जाऊन काम थांबवू नगा. तिसऱ्या दिशी मुरमाच्या ट्राल्या आल्या आन हीर बुजवली. पानी उपसून बघितलं न्हाई! गळ टाकला न्हाई! मोटार हाय, दोर हाय, मानसं हायती, आन एकानं आत डोकावून बघितलं न्हाई. वर सिमीट वतलं, आन त्याच्यावर काय बसवलं, तर पोरांना खेळायला घसरगुंडी.

"तिची आई उसाचा हंगाम सपून पट्टा पडस्तवर तितं बसायची," केरबा म्हनला. "मुरमावर बसून हाका मारायची."

"काय म्हनून? नाव काय घ्याची?"

"कानडीत काहीतरी... ध्यानात न्हाई गड्या. इचारलंच न्हाई कुनी."

म्हंजी बघा. हीर किती हात खोल ते केरब्याला ठावं, मुरूम किती ट्राल्या ते ठावं. पोरीचं नाव तेवढं एकालाबी ठावं न्हाई!

राहीबाई म्हनली, "आलीया तिला तिच्या वाटंनं लावाया पायजे. पर नाव घेटल्याबिगर कोन जात न्हाई, आन कोन येतबी न्हाई. घिऊन जा पोरीला तितं. संयूचं चित्त तितंच ऱ्हायलंय, तिला नाव घिऊन बोलव, आधीच बोलवायचं व्हतंस ते."

काल दुपारच्याला हंबीरराव गेला. पार्क बंद व्हतं, तारंखालनं आत शिरला. पोरीचं बोट धरून कट्ट्यावर उभा ऱ्हायला. टळटळीत ऊन, ताई. समदं सपष्ट दिसतंय. आन घसरगुंडीखालची वाळू ओली. हंबीररावानं घसा साफ केला आन हाक मारली.

"संयोगिता... चल गं बाळ, घरला चल."

बोट धरल्याली पोरगी हालली न्हाई.

आन पायाखालनं, सिमिटाच्या खालनं, आमच्या संयूचा आवाज आला.

"आले, आप्पा... पर वाट घावंना."

हंबीरराव पालथा पडला सिमिटावर. कान लावला. नखं मोडली त्याची, बघा जाऊन. "कुठंयस गं? बाळ, कुठंयस?" ती बोलत व्हती, ताई, अगदी कानाला लागून. "हितं लय गार हाय, आप्पा..." आन बाजूला ती दुसरी, संयूचं तोंड, संयूचा झगा घातल्याली, ती हुंदकं दिऊन रडाया लागली. अव्वा, अव्वा करून. हंबीररावानं तिच्यावर हात उचलला, आन उचलला तसाच खाली घेटला. तिला कशाला मारायचं? ती काय चोरून आली न्हाई. आठ वर्सांत पयल्यांदा तिला कुनीतरी 'संगं या' म्हनलं, म्हनून आली. पाच वर्साचं लेकरूच ते! त्यो तिला म्हनला, "जा बाई, तुझ्या आईकडं जा." ती नुस्ती बघत ऱ्हायली. कुनाला सांगतोय, ते तिला कळंनाच.

तवा आला त्यो राजवर्धन. बदनामी करताय म्हनला. कट्ट्याला हात लावला तर केस टाकीन म्हनला. टाक! सिमीट फोडायला तुझी परवानगी मागायला हंबीरराव येनार न्हाई. पहार घिऊन पोरं तयार हायती, आज फोडत्यात.

पर फोडून काय उपेग, ताई? वर आल्यालीला परत कसं धाडायचं? तिला कोन म्हनून हाक मारायची? टोळीतली मानसं कुठं पांगली, ते केरब्याला म्हाईत न्हाई. ज्याला म्हाईत असंल त्यो एकच, मुकादम. त्याच टोळीचा त्योच मुकादम, आन यंदा त्याची मानसं तुमच्याच घरधन्याच्या फडात ऊस तोडत्यात. इकडं बघा माझ्याकडं. खोटं असंल तर सांगा.

काल आवाज कानाला लागून व्हता. आज सकाळी हंबीररावानं परत कान लावला. नाव घिऊन बोलावली. लय येळानं 'ओ' आली, आन ती खोलनं, लय खोलनं. आन 'आप्पा' म्हनली न्हाई ती. "कोन?" म्हनली.

मुकादमाचा नंबर तुमच्या फोनात हाय. लावा. पोरीचं नाव काय व्हतं इचारा. आत्ता, माझ्यासमूर.